मुक्ती छापखाना: केडगावच्या ग्रंथकार्याची वाटचाल

पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेले संपूर्ण मराठी बायबल १९२४ साली केडगावच्या मुक्ती छापखान्यातून बाहेर पडले. त्याला आता शंभर वर्षे होऊन गेली. शताब्दीच्या निमित्ताने त्या ग्रंथाबद्दल आणि रमाबाईंबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. या स्मरणिकेसाठी माझ्याकडे आलेले काम थोडे वेगळे आहे. ज्या छापखान्यात तो ग्रंथ घडला, त्याची आणि त्याच्या आगेमागे बायकामुलांसाठी, घराघरांसाठी निघालेल्या मराठी ख्रिस्ती पुस्तकांची हकीकत सांगायची आहे.

बाळकुमच्या वाचकांना पहिला प्रश्न पडेल तो असा, की केडगाव दौंडच्या वाटेवर आणि आपण साष्टीच्या कडेला, कशेळीच्या खाडीअलीकडे. आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो केडगावच्याही आधीपासूनचा आहे. शिवाय या हकीकतीत मध्येच कल्याणचे एक घर येते. ते यथाक्रम येईलच.

पूर्वपीठिका: १८८० पर्यंत

ठाण्याच्या मातीत ख्रिस्ती नाव फार जुने. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू इथे मारले गेले, त्याची नोंद युरोपातल्या प्रवाशांनी करून ठेवली आहे. पण पुस्तकांची गोष्ट सुरू होते पोर्तुगीज काळात. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघाले, हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्यानंतर १६५९ मध्ये फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे पुराण लिस्बनला छापले गेले, ते मात्र शाळेत कोणी सांगत नाही. खरे तर ते आपले. ठाणे, वसई, साष्टी या भागात बोलल्या जाणाऱ्या मराठीत, रोमन लिपीत, ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा त्यात ओवीबद्ध केली आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापले गेले आणि उपवासकाळात ईस्ट इंडियन घरांतून गायले जात राहिले. एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी मागून धरायचे. वाचता न येणाऱ्या आजीलाही पुस्तक पाठ असायचे ते त्यामुळेच. घरात, सगळ्यांनी मिळून, बायकांच्या तोंडून पुढे जाणारा धर्मग्रंथ ही कल्पना आपल्याकडे अशी जुनी आहे.

मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने छापखाना काढला आणि १८१७ पासून मराठी पुस्तिका निघू लागल्या. या छापखान्याचे मराठी मुद्रणावर मोठे ऋण आहे. थॉमस ग्रॅहॅम यांनी इथे देवनागरीचे सुबक खिळे पाडले, गणपत कृष्णाजी इथेच काम पाहून शिकले आणि पुढे निर्णयसागर काढणारे जावजी दादाजीही उमेदवारीला इथेच होते. १८२४ साली याच मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. शाळा निघाली की वाचणारी मुलगी तयार होते, आणि मग तिला वाचायला द्यायचे काय, हा प्रश्न उभा राहतो.

त्या प्रश्नाला आलेले एक लवकरचे उत्तर म्हणजे मिसेस फरार यांचे 'कुटुंबप्रवर्तननीति', साल १८३५. चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकच्या कार्यातल्या या बाई. घर कसे चालवावे, मुले कशी वाढवावीत, हे त्यांनी मराठीत लिहिले. त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा फ्रेडरिक पुढे इंग्लंडात कँटरबरीचा डीन झाला आणि 'एरिक' ही इंग्रज शाळकरी मुलांची गाजलेली कादंबरी त्याने लिहिली. आईने मराठी घरासाठी आणि मुलाने इंग्रज पोरांसाठी लिहिले. दोघांचा उपदेशाचा स्वर मात्र एकच, आणि आजच्या वाचकाला तो दोघांचाही थोडा जड जातो, हे सांगून टाकलेले बरे.

१८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू झाला. १८५७ मध्ये बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले. विधवांच्या दुःखावरची ही कथा मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाते. ती लिहिली एका नवख्रिस्ती तरुणाने, आणि ती बायकांबद्दल होती, याची आठवण अधूनमधून करून द्यावी लागते. १८७० नंतर 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक निघाले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या मुलांसाठीच्या कविता त्यातून येत राहिल्या.

एवढी पेरणी झाली होती. तरी या साऱ्या पुस्तकांत एक उणीव होती. बायकांसाठी लिहिले जात होते, पण लिहिणारे बहुतेक पुरुष, नाहीतर परदेशातून आलेल्या बाया. छापणारे तर सगळे पुरुषच.

१८८१ ते १८९०: पुस्तक विकून पुढची वाट

रमाबाई डोंगरे यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष पत्करला. आईने तीच विद्या मुलीला दिली. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. भावाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. लग्न झाले, १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि पुढच्याच वर्षी पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले.

१८८२ साली त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्यांचे पहिले मराठी पुस्तक निघाले, 'स्त्रीधर्मनीति'. ते ख्रिस्ती पुस्तक नव्हे. पण आमच्या इतिहासात त्याची जागा पहिली आहे, कारण त्याच्या विक्रीच्या पैशांतून रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडचा प्रवास केला. बाईने लिहिलेले पुस्तक विकून बाईने बोटीचे तिकीट काढले! मराठीत असे उदाहरण त्याआधी असेल असे मला वाटत नाही.

इंग्लंडात वाँटेजच्या मठात असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात टीकेची झोड उठली. पाठीशी उभे राहिलेले मोठे नाव म्हणजे जोतीराव फुले. १८८५ मध्ये 'सत्सार' काढून त्यांनी रमाबाईंची बाजू मांडली.

आता कल्याणचे घर. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे आनंदीबाई जोशी, फिलाडेल्फियात डॉक्टर होत होती. तिच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तो दिवस ११ मार्च १८८६. समारंभ आटोपून परतायचे, असा मूळ बेत होता. मुक्काम पडला दोन वर्षांहून अधिक. १८८७ मध्ये इंग्रजीतून 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे पुस्तक आले. वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि रमाबाईंनी ते आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केले. कल्याणची आनंदी तोवर, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, पुण्यात निवर्तली होती. पुस्तक हातोहात खपले, बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि शाळेसाठी पैशांची हमी मिळाली.

अमेरिकेत असताना रमाबाईंनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तके लिहायला घेतली, चित्रांसकट. आठवणीत ठेवण्याजोगी गोष्ट ही आहे, कारण व्याख्याने देत फिरणारी, पैसे गोळा करणारी बाई रात्री बसून पहिल्या इयत्तेच्या पोराचा धडा लिहीत होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीची तीच तारीख. पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. त्याच वर्षी निर्णयसागरने रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' छापले. जावजी दादाजी मिशनच्या छापखान्यात उमेदवारी करून शिकले, आणि त्यांच्या छापखान्यातून या बाईंचे पुस्तक आले. वर्तुळ असे पुरे झाले. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हलले.

१८९१ ते १९००: दुष्काळ, प्लेग आणि केडगावचा माळ

सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, असा आक्षेप घेऊन १८९३ साली सल्लागार मंडळातल्या थोर मंडळींनी अंग काढून घेतले आणि बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या. त्या वादाचे कागद ज्याला हवे त्याला पाहता येतात. दोन्ही बाजूंची माणसे आपापल्या जागी प्रामाणिक होती, एवढे म्हणून पुढे जातो.

जाता जाता ठाण्याच्या वाचकांसाठी एक नोंद. त्याच १८९३ च्या १ जूनला आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. तिकडे पुण्यात काय वाचावे आणि कोणी शिकवावे यावर रणे माजली होती, आणि इकडे मराठी पुस्तके जमवायला सुरुवात झाली होती.

सदनाला कायमचा आधार हवा म्हणून रमाबाईंनी पुणे-दौंड रेल्वेवर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. विहिरी खणून तिथे फळबाग लावायची योजना होती. १८९६-९७ च्या दुष्काळाने योजना बदलली. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. म्हणून त्यांना केडगावच्या माळावर आणले. १८९८ मध्ये मुक्ती सदनाच्या इमारती वापरात आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसे म्हणजे त्या काळचे चांगले मोठे गाव. फक्त या गावात कर्त्या सगळ्या बायकाच. शेती, गोठा, तेलाचा घाणा, माग, शिवण, धुलाई, सगळे त्याच करत. अंधांसाठी बार्तीमी सदन होते. तिथल्या मुली ब्रेल लिपी बोटांनी वाचायला शिकल्या. आणि या उद्योगांच्या रांगेत एक आला छापखाना.

१९०१ ते १९१०: खिळ्यांची शाळा

छापखाना काढण्यामागे दोन हेतू होते आणि दोन्ही व्यवहारी होते. एक, मुलींच्या हाताला कसब यावे. दोन, दोन हजार जणींना वाचायला लागणारी पुस्तके, गाणी, पत्रके बाहेरून विकत आणणे परवडणारे नव्हते.

देवनागरी खिळे जुळवणे हे इंग्रजीपेक्षा किती कटकटीचे काम, हे आजच्या संगणकावर टंकणाऱ्याला सांगूनही पटणार नाही. इंग्रजीला थोरली-धाकटी अक्षरे आणि आकडे मिळून शंभर-सव्वाशे कप्पे पुरतात. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरे, अर्धी अक्षरे धरून त्याच्या कितीतरी पट. एवढे कप्पे समोर आणि दोन्ही अंगांना मांडलेले. जुळारी उभी. डाव्या हातात स्टिक, उजवा हात कप्प्यांवरून फिरतो आहे. हस्तलिखितातली ओळ डोळ्यांनी उचलायची आणि हाताने तिची मोडतोड करायची: आधी अक्षर, मग त्याच्या डोक्यावरची मात्रा, मग पायाखालचा उकार. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, म्हणून उलटे वाचायची सवय करावी लागते. ओळ भरली की शब्दांमध्ये पट्ट्या सारून ती दोन्ही कडांना घट्ट बसवायची, ओळी गॅलीत ठेवायच्या, दोऱ्याने बांधायच्या, शाई लावून कच्चे मुद्रित काढायचे, चुका चिमट्याने उपटून दुरुस्त करायच्या. फर्मा छापून झाला की काम संपत नाही. खिळे धुऊन, मोडून, एकेक पुन्हा आपापल्या कप्प्यात टाकायचा. न टाकला तर पुढच्या पानाला खिळे कुठले?

वर्षा-दोन वर्षांपूर्वी दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली हे शिकल्या. कित्येकींची घरची बोली हिंदी किंवा गुजराती होती. म्हणजे त्या मराठी वाचायला, मराठी बोलायला आणि मराठी उलटे वाचायला साधारण एकाच वेळी शिकल्या. जुळारणी, छापणाऱ्या, कागद घड्या घालणाऱ्या, शिवणाऱ्या, पुठ्ठे चिकटवणाऱ्या, साऱ्या घरच्याच. त्या काळच्या छापखान्यांत मालकाचे नाव मुखपृष्ठावर असे आणि जुळाऱ्याचे कुठेच नसे. मुक्तीतही पुस्तकांवर या मुलींची नावे नाहीत. पण निदान हे काम बायकांचे आहे हे मुक्तीने कधी लपवले नाही, उलट मिरवले.

कामाचा आवाका लहान नव्हता. 'मुक्ती प्रेअर बेल' हे इंग्रजी वृत्तपत्रक देशोदेशीच्या हितचिंतकांना जाई. १९०५ मध्ये मुक्तीत मोठे आध्यात्मिक जागरण झाले. पुढच्या वर्षी रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्या अनुभवावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले आणि ते केडगावलाच छापले गेले. त्याची एक प्रत त्यांनी आपल्या जुन्या मैत्रिणीला, दक्षिण अमेरिकेत चिलीला पाठवली. ही मैत्रीण म्हणजे तिथले मिशनरी विलिस हूवर यांच्या पत्नी. १९०९ पासून चिलीत जे पेंटेकोस्टल जागरण झाले त्याची सुरुवात सांगताना इतिहासकार या प्रतीचा उल्लेख करतात. दौंडच्या वाटेवरच्या माळावर मुलींनी छापलेले पुस्तक प्रशांत महासागराच्या काठी जाऊन एवढे काम करते, याला छापखान्याचे यश म्हणायचे नाही तर कशाला? १९०७ मध्ये रमाबाईंचे आत्मकथन, मराठीत 'माझी साक्ष' म्हणून वाचले जाते ते, याच छापखान्यातून इंग्रजीत निघाले.

१९११ ते १९२०: एका ग्रंथाची तयारी

मराठी बायबल तोवर नव्हते असे नाही. विल्यम कॅरी यांचा नवा करार १८११ मध्ये सेरामपूरला छापला गेला होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले होते. त्याच्या आवृत्त्याही सुधारत होत्या. मग रमाबाईंनी पुन्हा भाषांतर कशाला करावे? त्यांचे म्हणणे असे, की चालू भाषांतराची भाषा फार संस्कृतप्रचुर आहे, ती साध्या बाईला कळत नाही, आणि त्यातल्या काही शब्दांना जुन्या धर्मकल्पनांचे अर्थ चिकटलेले आहेत. संस्कृताची पंडिता संस्कृत शब्द काढून टाकायला बसली. हे तिलाच शोभणारे होते, कारण शब्द कुठून आला आणि काय घेऊन आला, हे तिच्याइतके नेमके त्या काळी कोणाला माहीत होते?

मला वाटते, या निर्णयामागे मुक्तीच्या भोजनगृहाचाही हात आहे. रोज संध्याकाळी समोर बसणाऱ्या शेकडो जणींना वाचून दाखवायचे, त्यातल्या अर्ध्या मराठी परकी म्हणून शिकलेल्या. समोरचा चेहरा कोरा राहिला की वाक्य चुकले. अशी कसोटी इतर भाषांतरकारांना रोजच्या रोज मिळाली नसेल.

रमाबाई पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. दीड दशकाच्या वर हे काम चालले. कान त्यांना नीट साथ देत नव्हते, संस्थेचा रोजचा पसारा होताच. आधी नवा करार छापला गेला, मग जुन्या कराराचे डोंगराएवढे काम. पुस्तकाच्या आकाराने छापखान्याचीही परीक्षा पाहिली. एवढा ग्रंथ एकदम जुळवून उभा ठेवायला खिळे कोणाकडेच पुरत नसत. चार पाने जुळवा, छापा, मोडा, पुन्हा जुळवा. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे. ज्या मुलींनी सुरुवातीची पाने जुळवली त्यांतल्या काही शेवटची पाने यायच्या आधी संसाराला लागल्या असणार, आणि त्यांच्या जागी धाकट्या उभ्या राहिल्या असणार.

या काळात मनोरमाबाई हा संस्थेचा मोठा आधार होता. परदेशी शिकून आलेल्या, शारदा सदनाची जबाबदारी उचललेल्या, आणि नोकरी-कामे सांभाळून १९१७ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.ए. झालेल्या. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. त्याच वर्षी मे महिन्यात रेव्हरंड टिळक गेले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची एक पिढी निघून चालली होती.

१९२१ ते १९३०: बायबल बाहेर येते

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, आईच्या आधी. संस्था कोणाच्या हाती सोपवायची हा प्रश्न त्यामुळे ऐन वेळी पुन्हा उघडा पडला.  रमाबाईंनी मात्र हातातले काम सोडले नाही. चरित्रकार लिहितात की भाषांतराची अखेरची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे, एवढेच त्यांचे मागणे होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुद्रिते तपासून झाली होती.

छपाई आणि बांधणी पुढे चालू राहिली, ती पूर्ण करणाऱ्या कामकरणींच्या हाती. १९२४ मध्ये संपूर्ण बायबल बाहेर आले. मूळ भाषांवरून एका बाईने भाषांतर केलेले आणि बायकांनी जुळवून, छापून, बांधून काढलेले संपूर्ण बायबल हे जगातही विरळच. भाषांतर म्हणून त्यावर मतभेद आहेत. साधेपणासाठी रमाबाईंनी कुठे कुठे वाक्य फार अक्षरशः धरले, त्याने ते उलट अवघड झाले, असे जाणकार म्हणतात आणि काही ठिकाणी ते खरे आहे. मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीचीच आवृत्ती चालू राहिली. केडगावच्या बायबलला घरातले, हाताशी असलेले पुस्तक म्हणून जे वाचक मिळाले, ते त्याचे खरे वाचक.

१९३१ ते १९८०

या पन्नास वर्षांचा मोठा मानकरी केडगावचा नाही, नाशिकचा आहे. १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे भाग येऊ लागले. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरवायला शिकलेल्या या बाईने मराठी ख्रिस्ती घराचे जे चित्र काढले, त्यापुढे उपदेशाची शंभर पुस्तके फिकी आहेत. चूल, सोवळे, भांडणे, रुसवे, दुष्काळातली दत्तक पोरे, सगळे त्यात आहे आणि विनोद ठायी ठायी आहे. १९४४ मध्ये बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' आले. शारदा सदनाच्या त्या पहिल्या विद्यार्थिनीने आपल्या आयुष्याची गोष्ट स्वतः सांगितली. रमाबाईंनी पेरलेले असे दुसऱ्यांच्या शेतात उगवत राहिले.

देवदत्त नारायण टिळक यांनी १९६० मध्ये रमाबाईंचे मराठी चरित्र लिहिले. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. शासनाच्या खर्चाने रमाबाईंची पत्रे छापली गेली, हा १८९३ पासूनचा बराच लांबचा प्रवास म्हणायचा.

१९८१ नंतर

ऑक्टोबर १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले. मीरा कोसंबी यांनी त्यांचे निवडक लेखन संपादून २००० साली इंग्रजीत आणले, पाठोपाठ अमेरिकेच्या प्रवासवृत्ताचा अनुवादही केला. त्यातून नव्या पिढीचे अभ्यासक केडगावकडे वळले. इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या नावे आहे.

आपल्या बाजूला वसईतून 'सुवार्ता' मासिकाने घराघरात वाचायची सवय टिकवली. त्याचे दीर्घकाळचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल: नवा करार' या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सोप्या मराठीतले बायबल हे केडगावचे स्वप्न वसईच्या एका धर्मगुरूने आपल्या पद्धतीने पुढे नेले, असे म्हणायला हरकत नाही.

केडगावला पंडिता रमाबाई मुक्ती मिशन आज उभे आहे. निराधार स्त्रिया आणि मुले तिथे राहतात, शाळा चालतात, दवाखाना चालतो. खिळ्यांचे युग सगळीकडेच संपले. पण मुक्तीला भेट द्यायला गेलेल्यांनी रमाबाईंचे घर आणि चर्च पाहून परत फिरू नये, छापखान्याबद्दलही आवर्जून विचारावे.

आता वाचकांना एक विनंती. बाळकुम, ढोकाळी, माजिवडे, कोलशेतपासून ठाणे-कल्याणपर्यंतच्या जुन्या ख्रिस्ती घरांत, आजीच्या पेटीत, माळ्यावर, अशी पुस्तके अजून असतील: गिमारांइशच्या पुराणाच्या जीर्ण प्रती, 'बालबोधमेव्या'चे सुटे अंक, केडगावचा शिक्का असलेल्या पुस्तिका, मुखपृष्ठ फाटलेले बायबल. घर पुनर्विकासाला जाताना ती रद्दीत जातात. तशी देऊ नका. आधी मुखपृष्ठ, छापखान्याचे नाव आणि साल मोबाइलवर टिपून ठेवा. आतल्या कोऱ्या पानावर कोणाचे नाव, जन्ममृत्यूची नोंद असेल तर तीही टिपा. आणि पुस्तक घरात ठेवणे जमणार नसेल तर ते ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या एखाद्या ग्रंथालयात चौकशी करून नेऊन द्या.